सव्वापाचची नोंद

झाळकाम करताना, म्हणजे तारांना डाग देताना, तापल्या लोखंडाला राळेचा खडा टेकला की कडवट-गोड धूर उठतो. तो नाकाशी आला म्हणजे मला भिलाईतले एक घर आठवते, आणि धुराच्या मागोमाग आवाज येतो: भिंतीआडची एक बारीक शिट्टी, कधी तुटक, कधी ओढलेली. पोलिसांच्या कागदात आधी माणसे येतात, मग घटना. वास आणि आवाज यांना तिथे रकाना नसतो. माझ्या मनात मात्र ती घटना आजही आवाजापासूनच सुरू होते.

मी तेव्हा उपनिरीक्षक होते. वडील नागपूरला संस्कृतचे शिक्षक; वृत्ते बोटांवर मोजायला त्यांनीच शिकवले होते. मराठी घेऊन एम.ए. झाल्यावर मी पोलिसांत भरती झाले. राज्यांची फेररचना झाली तेव्हा माझी नेमणूक मध्य प्रदेशात राहिली आणि फिरत फिरत मी भिलाईला आले. गणवेशातली बाई त्या भागात इतकी दुर्मीळ होती की मी दारात उभी राहिले तर लोक माझ्या खांद्यावरून मागे पाहत, साहेब कुठे आहेत म्हणून.

भिलाई तेव्हा पुरती उभी राहिलेली नव्हती. कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या, पण सेक्टरांतले रस्ते मुरमाचे होते. कितीतरी क्वार्टर चुना लावून भाडेकरूची वाट पाहत होते. दोरीवरचे धुणे वाळेपर्यंत तांबूस होई. सरहद्दीवरची लढाई होऊन फार काळ लोटला नव्हता. लढाईच्या दिवसांत हौस म्हणून संदेश देणाऱ्या-घेणाऱ्या लोकांना आपले बिनतारी संच बंद ठेवावे लागले होते. ते पुन्हा चालवायला सरकारने परवानगी दिली होती. संशय मात्र अजून हवेत होता, कोक भट्टीच्या वासासारखा.

दिवाळीनंतर एका सकाळी ठाण्यात एक हेडक्लार्क आले. वर्ध्याकडचे, इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. ठाणेदार साहेबांनी त्यांना माझ्या टेबलाकडे पाठवले, कारण ते हिंदीत अडखळत होते.

"मॅडम, मी काई कोनाचं वाईट करून नाई राहिलो," त्यांनी सुरुवात केली. मी मनात म्हटले, म्हणजे करायला आला आहात. "पन कारखाना पोलादाचा. रशियन इंजिनेर आजूबाजूले. अन् माह्या भिंतीपल्याड टकटक, शिट्ट्या! छपरावर तार. परदेशातून कार्डं येतात त्या मानसाले. रंगीत!"

"रंगीन?" ठाणेदार साहेब आपल्या खुर्चीतूनच म्हणाले. "फिर तो मामला गंभीर है."

"हा आवाज कधीपासून येतो?" मी विचारले.

"दोन वर्सं झाले असतीन."

"मग आजच का आलात?"

त्यांनी छत्रीच्या टोकाकडे पाहिले. "परवा त्यानं आमच्या अंगणातल्या निंबाले तार बांधली. विचारलं बी नाई."

खबर देणाऱ्याला 'काय' विचारण्याआधी 'आजच का' हे विचारावे, असे मी पुढे नव्या शिपायांना नेहमी सांगत आले. त्याने खबर खोटी ठरत नाही. तिचे वजन तेवढे कळते.

तो शेजारी कारखान्यात मापन यंत्रांचा मेकॅनिक होता. भंडाऱ्याकडचे बौद्ध कुटुंब, नवरा-बायको दोघेच. भिलाईतल्या हौशी रेडिओ क्लबचा तो सदस्य होता आणि त्याच्याकडे रीतसर परवाना होता, आणि परवान्याबरोबर मिळालेली ओळखीची अक्षरे, ज्यांना ते लोक 'हाक' म्हणत. क्लबात सात-आठ जण होते. भंगारात निघालेले लष्करी संच विकत घेऊन ते दुरुस्त करीत आणि मोर्सच्या, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांच्या, कळेवर दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलत. रंगीत कार्डे म्हणजे या बोलण्याच्या पोचपावत्या. हे सारे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले. पण परवाना असलेला माणूस परवान्याच्या आडून काय करतो, हे तपासणे आमचे काम होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या लुगड्यात समोरच्या रिकाम्या क्वार्टरच्या ओट्यावर जाऊन बसले. ओल्या चुन्याचा वास होता. पावणेअकराला त्या घराच्या खिडकीतून शिट्टी सुरू झाली. आखूड आणि लांब, आखूड आणि लांब. मला मोर्सचे एक अक्षर येत नव्हते, पण लघू-गुरू येत होते. मी नकळत बोटांवर मोजू लागले. काही सूर पुन्हा पुन्हा येत होते, हाक मारल्यासारखे. आणि प्रत्येक हाकेचा शेवटचा लांब स्वर जरासा अधिक रेंगाळत होता, जात्यावरच्या ओवीचे शेवटचे अक्षर दळणाऱ्या बाईच्या श्वासाबरोबर लांबते तसा. सहा-सात मिनिटांनी आवाज थांबला. मी डायरीत लिहिले: "सकाळी १०.४५ वाजता एक इसम घरात यंत्र चालवीत असल्याचे ऐकले."

इसम. हा शब्द लक्षात ठेवावा.

चार दिवसांनी झडतीचा हुकूम मिळाला. दोन पंच बोलावून आम्ही दुपारी घरी गेलो. मेकॅनिक पहिली पाळी संपवून नुकताच आला होता. एक खोली, पुढे पडवी, मागे स्वयंपाकघर. भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिच्याखाली स्टुलावर संच, पितळी कळ, आणि राळेचा तो वास. त्याची बायको सव्विशीची असेल. चुलीजवळ उभी राहून ती आमच्याकडे नव्हे, पंचांनी उचललेल्या कळेकडे पाहत होती. "हळू धरजा वो," एवढेच ती म्हणाली. "ते नाजूक हाय."

संच, कार्डे आणि नोंदवही जप्त झाली. या लोकांचा नियमच असतो की केव्हा, कोणाशी, किती वेळ बोललो ते लिहून ठेवायचे. वहीतल्या अक्षरांच्या रेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ होत्या. मी ओट्यावर बसले होते त्या दिवसाचे पान मी उघडले. त्यावर एकच नोंद होती, नागपूरशी झालेल्या बोलण्याची: ०५.१५.

पावणेअकराची नोंदच नव्हती.

ठाणेदार साहेबांनी वही बंद करून तिच्यावर हात ठेवला. "सुबह सवा पाँच का लिखा है, और पौने ग्यारह का छुपाया है. अब बोलिए, मैडम."

मी मागची पाने उलटली. तिथेही हेच. भाद्रपदात नदीला पूर आला त्या दिवसांतली एक मोठी नोंद पहाटे साडेचारची. हेडक्लार्कांचे म्हणणे मात्र असे की आवाज उजाडल्यावर येतो. पहाटे त्या घरात सामसूम असते. म्हणजे वहीत होती ती बोलणी कोणी ऐकली नव्हती, आणि ऐकलेली बोलणी वहीत नव्हती.

मेकॅनिकची चौकशी दोन दिवस चालली. त्याला कोणी बोट लावले नाही. माझ्या टेबलावर मी ते कधी होऊ दिले नाही. तो सरळ बसे, विचारले तेवढे बोले.

"शुक्रवारी पावणेअकराला तुमच्या घरून संदेश गेला. मी स्वतः ऐकला. तो वहीत का नाही?"

"जे गेलं ते सारं वहीत हाय, मॅडम."

"मग दाखवा."

त्याने वहीकडे पाहिले, पण तिला हात लावला नाही.

"तुमच्यावर काय येऊ शकते, माहीत आहे? नोकरी जाईल. क्वार्टर जाईल. हेरगिरीचा खटला उभा राहील."

"मालूम हाय."

"मग बोलत का नाही?"

"जे हाय ते वहीत हाय," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याने आपले हात मांडीखाली दाबून धरले.

खोटे बोलणारा माणूस फार बोलतो, असा माझा अनुभव. हा खोटे बोलत नव्हता, पण काहीतरी आडवे धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे जप्त केलेली कळ ठेवली आणि म्हटले, "तुमची हाक वाजवून दाखवा." त्याने वाजवली. मी डोळे मिटून ऐकले. लघू-गुरू तेच होते, क्रम तोच. पण घाव समान अंतराचे, घणाचे. शेवटचा स्वर जिथे संपायचा तिथे काटेकोर संपत होता. खिडकीतून मी ऐकली होती ती हाक ही नव्हती.

हे मी ठाणेदार साहेबांना सांगितले. ते मनमोकळे हसले. "मैडम, अदालत में कविता नहीं चलती."

त्यांचे चुकले नव्हते. कानाचा पंचनामा होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्लबचे सचिव ठाण्यात आले. टेलिफोन एक्स्चेंजमधले वयस्क पर्यवेक्षक, मूळचे नागपूरचे. बगलेत एक फाईल होती आणि डाव्या मनगटावर दोन घड्याळे.

"बाई, आमच्या पोराले काहून बसवून ठेवलं?" ते म्हणाले. मेकॅनिक चांगला तिशीचा होता, पण त्यांच्या लेखी पोरच. "हा मानूस हेर? याले साधं खोटं बोलता येत नाई. पत्त्यात बी हारते!"

फाईलमध्ये क्लबची कामे होती. भाद्रपदात शिवनाथ नदीला पूर आला, तारा तुटल्या, टेलिफोन मुके झाले. तेव्हा या सात-आठ माणसांनी तीन दिवस जिल्ह्याचे निरोप पोचवले होते. कोणत्या शाळेत किती लोक अडकले, कुठे होडी हवी, कोणाचे म्हातारे सुखरूप आहेत. त्यातच एक प्रत होती जाड कागदाच्या सन्मानपत्राची. पुरात नदीकाठच्या एका शाळेत आसऱ्याला आलेल्या तीन बायकांना साप चावले. टाउनशिपच्या इस्पितळातली लस दोघींना पुरली. तिसरीसाठी आणि पुढे येतील त्यांच्यासाठी काही नव्हते, आणि रायपूरचा रस्ता पाण्याखाली होता. आमच्या मेकॅनिकच्या संचावरून नागपूरला निरोप गेला. तिथल्या हौशी माणसाने लस मिळवून आगगाडीवर चढवली. गाडी पुलावरून पावलापावलाने आली आणि दिवेलागणीच्या आत लस पोचली. ती तिसरी बाई जगली. सन्मानपत्रावर मेकॅनिकचे नाव होते.

"पहाटे साडेचारला त्यांना हे कळलं कसं?" मी वही पुढे केली.

सचिवांनी नोंद पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि मनगट पुढे केले. "पहाटे कुठचं बाई? हे एक घड्याळ भिलाईचं. हे दुसरं ग्रीनिचचं. जगभर आम्ही वही ग्रीनिचच्या वेळेनं लिहितो, नाई तर तो म्हनते सकाळ अन् हा म्हनते संध्याकाळ. साडेपाच तास मिळवा."

मी मिळवले. सव्वापाचात साडेपाच: पावणेअकरा. साडेचारात साडेपाच: सकाळचे दहा. जिथे आम्ही लपवाछपवी पाहत होतो तिथे नेमकेपणा होता.

ठाणेदार साहेबांनी कपाळाला हात लावला. "तो इसने बताया क्यों नहीं? दो दिन से बैठा है!" आणि त्यांनी मोकळ्या मनाने मेकॅनिकला चहा मागवला. "टाइम मिल गया, मामला खतम."

पण त्यांचाच प्रश्न माझ्यापुढून हटेना. एका वाक्यात सुटका असताना माणूस ते वाक्य गिळून का बसतो? मी कारखान्याच्या टाइम ऑफिसकडून मागवलेली हजेरी उघडली. शुक्रवार: पहिली पाळी, सहा ते दोन. पुरात लस मागितली तो दिवस: पहिली पाळी, सहा ते दोन. पावणेअकराला आणि दहाला तो भट्टीपाशी होता. वेळ सांगितली असती तर तो हेर ठरला नसता. पण मग कळेवर दुसरा हात होता हे उघड झाले असते. परवाना नसताना कळेला हात लावणे हा गुन्हा, आणि तो लावू देणे हाही.

सचिवांनी माझ्या बोटाखालची हजेरी वाचली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते, हे मला त्या पुसण्यावरून कळले.

दुपारी मी जबाबाचे कागद घेऊन मेकॅनिकबरोबर त्याच्या घरी गेले. पडवीत त्याने मला पाट दिला. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता. लाटणे थांबे तेव्हा बोटे वाजत: आखूड, लांब, आणि शेवटचा स्वर रेंगाळता.

"बाहेर या, बाई," मी म्हटले. "जे पोळपाटावर वाजवताय ते मी शुक्रवारी ओट्यावर बसून ऐकलं आहे."

ती पिठाच्या हातांनीच आली. नवरा घाईने म्हणाला, "मॅडम, तिले काई समजत नाई. मी शिकवलं नाई तिले."

"हे खरं हाय," ती म्हणाली. "त्याईनं नाई शिकवलं. हे रोज ताटावर चमचा वाजवत बसत, परीक्षेसाठी. मी पोळ्या लाटता लाटता आयकलं. दोन-तीन महिन्यात त्याईच्या चुका मले समजू लागल्या."

"चुका नव्हत्या," तो म्हणाला.

"हाव, नव्हत्या!" ती म्हणाली, आणि त्या अवघड दुपारीही दोघांच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आले.

मग तिने पुराचा दिवस सांगितला. इस्पितळाचा माणूस सायकल डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून आला. हे ड्युटीवर आहेत म्हटल्यावर तो दारातच खाली बसला. तिसरी बाई पोटुशी आहे, एवढेच म्हणाला. "मी म्हटलं, जा तू, निरोप जाईन. तो गेला. मग मी कवाड लावलं. अन् कळ हाती घेतली वो बाई. पहिल्यांदा नागपूरनं आयकलंच नाई. दुसऱ्यांदा बी नाई. तिसऱ्यांदा त्यानं म्हटलं, सांग."

"आणि शुक्रवारी?"

"पुरापासून नागपूरवाला रोज सकाळी एकदा हाक देते. इकडून जवाब गेला का त्याले समजते, रस्ता चालू हाय. पुन्हा कधी तारा तुटल्या तं? याईची पहिली पाळी असली का माह्याकडून जवाब जाते. नाई तं तो वाट पायत बसते."

"वहीत कोण लिहितं?"

"मीच. अक्षर माह्यं चांगलं हाय." ती चौथी शिकलेली होती. इंग्रजी आकडे आणि अक्षरे तिने कार्डांवरून गिरवली होती; निरोप त्याच अक्षरांत, पण मराठीत जात. लपवायचे म्हणून नव्हे, नियम म्हणून प्रत्येक वेळ तिने खरी लिहिली होती. आणि त्या खरेपणानेच ती सापडली होती.

मी कागद पुढे ओढला, रीतसर प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून टोपण लावून पेन खाली ठेवले. ते उत्तर लिहिले असते तर परवाना गेला असता, तिच्यावर खटला झाला असता, आणि लढाईनंतरच्या त्या हवेत कारखान्याने त्याला ठेवले असते की नाही, सांगता येत नाही. न लिहिणे हा माझा गुन्हा ठरला असता. बाहेर चारचा भोंगा झाला. शेवटी मी जे लिहिले ते असे: "नोंदवहीतील वेळा ग्रीनिचच्या असून ऐकलेल्या आवाजाशी त्यांचा मेळ बसतो. सर्व संदेश परवानाधारकाच्या संचावरून गेले. आक्षेपार्ह काही आढळले नाही." प्रत्येक वाक्य खरे होते. कोणी पाठवले, हे त्यात कुठेही नव्हते.

"बाई, परीक्षा द्या," उठताना मी तिला म्हटले. "तोवर कळेला हात नाही. मी पुन्हा ओट्यावर येऊन बसेन."

"पेपर इंग्रजीत असते वो."

"पोळपाटावर मोर्स शिकलात. इंग्रजीचं काय घेऊन बसलात?"

अकराव्या दिवशी संच परत गेला. नव्या तारेसाठी मेकॅनिकने हेडक्लार्कांची परवानगी मागितली. त्यांनी दिली आणि वर कडुनिंबाची आडवी फांदीही छाटून दिली. पहिल्या पाळीच्या आठवड्यांत नागपूरला जबाब द्यायला सचिव स्वतः कामावर उशिरा जाऊ लागले. संध्याकाळी क्लबात ते तिला शिकवीत. पहिल्या वेळी ती नापास झाली. पुढे माझी बदली झाली. दोन वर्षांनी मला एक रंगीत कार्ड आले, परवान्याने मिळालेल्या तिच्या स्वतःच्या हाकेच्या अक्षरांचे, पट्टीने मारल्यासारख्या सरळ रेघांत. वेळेच्या रकान्यात तिने लिहिले होते ०५.१५.

ते कार्ड माझ्याकडे आहे. तरी ही आठवण लिहिताना मला समाधान वाटत नाही. माझ्या कानाने पहिल्याच सकाळी बरोबर ऐकले होते. ओवी मला तिथेच आठवली होती. आणि माझ्याच हाताने 'इसम' लिहिले. गणवेशात असूनही जिच्या मागे लोक साहेब शोधत, तिने दुसरीच्या कळेमागे पुरुष शोधला. मग मी तिला वाचवले, आणि वाचवताना कागदावरून पुसले. पुराचे सन्मानपत्र आजही नवऱ्याच्या नावावर आहे. माझ्या अहवालात ती लस कोणीच मागितलेली नाही. तपासाने मला शिकवले ते हे, की कागद खोटा न बोलताही माणसाला नाहीसा करू शकतो. आणि तेवढ्यासाठी, नावे न घेता का होईना, जबाबाची ती रिकामी जागा आज मी भरते आहे.

मी विचारले होते, "पुरातला निरोप कोणी पाठवला?" नवरा पडवीच्या खांबाला धरून उभा होता. 'मी पाठवला' असे म्हणण्यासाठी त्याने श्वास घेतलेला मला दिसला. पण त्याच्याआधी ती बोलली. पीठ लागलेली बोटे तिने पदराला पुसली, माझ्या डोळ्यांत पाहिले, आणि शेवटचा स्वर जरासा लांबवीत म्हणाली,

"म्या."